हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल करताना: तयारी, क्रम आणि रोजची देखरेख

हा लेख स्वतःच्या सर्व्हरवर ईआरपीनेक्स्ट (संस्थेचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) आणि त्याला जोडलेलं हॉस्पिटलसाठीचं फ्रॅपे हेल्थ चालवणाऱ्या पन्नास ते दीडशे खाटांच्या हॉस्पिटलमधल्या आयटीवाल्यांसाठी आहे. असं काम करणाऱ्यांचे फोन येतात तेव्हा तक्रार बहुधा दोनांपैकी एक असते. एक, "अपडेट मारलं आणि आम्ही केलेले बदल गेले." दुसरी, "सर्व्हर चालू होता, तरी वॉर्डात रिपोर्ट दिसत नव्हते." दोन्हींचं मूळ कोडमध्ये कमी आणि कामाच्या क्रमात जास्त असतं. म्हणून खाली क्रम दिला आहे. तुमचं सॉफ्टवेअर दुसरं असेल तर बटणांची नावं बदलतील, पण क्रम हाच ठेवा.

## टप्पा १: मागणी कागदावर आणा

बदलाची मागणी तोंडी घेऊ नका. राउंड संपवून जाता जाता डॉक्टर म्हणतात, "डिस्चार्ज कार्डवर एक रकाना वाढवा," आणि आपण लगेच संगणक उघडतो. इथेच पहिली चूक होते. एका पानावर चार गोष्टी लिहून घ्या: कोणाला हवं, कोणत्या पडद्यावर हवं, ती माहिती कोण भरणार आणि कोण वाचणार. चौथ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही तर तो रकाना महिनाभरात रिकामा पडून राहतो आणि सिस्टरांच्या डोक्यावर एक जास्तीचं काम बसतं.

नियम असलेला बदल असेल तर तो एका वाक्यात लिहा आणि मग त्याला आडवेतिडवे प्रश्न विचारा. खोलीभाड्याचंच घ्या. आयसीयू वगळता दिवसाला ५००० रुपयांहून जास्त भाडं असलेल्या खोलीवर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के जीएसटी लागू झाला. वाक्य सोपं आहे. पण पेशंट दुपारी चारला डिलक्समधून आयसीयूत हलवला तर त्या दिवसाचं भाडं कोणत्या खोलीचं? पॅकेजमध्ये खोली धरलेली असेल तर? टीपीएचा (विम्याचे दावे हाताळणाऱ्या संस्थेचा) पेशंट आणि रोख भरणारा पेशंट यांच्या बिलात फरक आहे का? ही उत्तरं अकाउंट्सकडून लेखी घ्या, त्यांच्या सहीसह. प्रोग्रामरने मनाने ठरवलेला नियम सहा महिन्यांनी ऑडिटला सापडतो.

मग ज्या वॉर्डसाठी बदल आहे तिथे एक पूर्ण शिफ्ट उभे राहा. हे टाळू नका. मी एकदा पुरुष वॉर्डात सकाळी आठ ते दोन उभा होतो. व्हायटल्सच्या पडद्यावर नाडी, तापमान, रक्तदाब असा क्रम होता. सिस्टर मात्र बीपी आधी घेत, मग बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावून नाडी आणि ऑक्सिजन एकदम बघत, आणि तापमान शेवटी. प्रत्येक पेशंटमागे माउस वर-खाली जात होता. तीस पेशंटांनंतर सिस्टरांनी वहीत लिहून ठेवायला आणि शिफ्ट संपताना एकगठ्ठा भरायला सुरुवात केली. म्हणजे पडद्यावर दिसणारी वेळ ही मोजल्याची वेळ नव्हती. रकान्यांचा क्रम बदलायला मला दहा मिनिटं लागली.

तपासा: मागणीच्या पानावर विभागप्रमुखाची सही आहे का? बदल चालला की नाही हे कोण सांगणार, त्याचं नाव त्यावर आहे का?

## टप्पा २: चाचणीचा सर्व्हर, आणि त्याचं तोंड बांधणं

चालू सर्व्हरवर प्रयोग करायचा नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. चूक पुढच्या पायरीवर होते. चालू सर्व्हरचा बॅकअप चाचणीच्या सर्व्हरवर उतरवला की त्यासोबत एसएमएस गेटवे, ईमेल खाती आणि वेळापत्रकावरची कामं हे सगळं जिवंत उतरतं.

हे मला फार वाईट पद्धतीने कळलं. एका हॉस्पिटलसाठी मी जुना बॅकअप चाचणीवर चढवला आणि अपॉइंटमेंटचे स्मरण-संदेश तपासत बसलो. संदेश खऱ्या पेशंटांना गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी एक आजोबा एसटीने साठ किलोमीटर येऊन ओपीडीसमोर बसले होते. हातात मोबाइल, त्यावर माझा मेसेज. त्यांची अपॉइंटमेंट नव्हतीच. डॉक्टरांनी त्यांना तपासलं, पण दिवस त्यांचा गेला.

म्हणून उतरवल्यानंतर साइट उघडायच्या आधी, याच क्रमाने:

१. साइटच्या कॉन्फिग फाइलमध्ये शेड्यूलर (वेळापत्रकावरची कामं चालवणारा भाग) थांबवा.
२. त्याच फाइलमध्ये म्यूट ईमेल्स चालू करा.
३. एसएमएस सेटिंग्जमधला गेटवेचा पत्ता पुसा. म्यूट ईमेल्सने फक्त ईमेल थांबतात, एसएमएस नाही.
४. पेशंटांची नावं, मोबाइल, पत्ते आणि आभा क्रमांक (सरकारी आरोग्य ओळख क्रमांक) एका स्क्रिप्टने बदलून टाका. ही स्क्रिप्ट एकदाच लिहा आणि दर वेळी चालवा.
५. चाचणी साइटच्या वरच्या पट्टीचा रंग बदला. लाल करा. दोन टॅब उघडे असताना चुकीच्या टॅबमध्ये काम होतं ते याच एका गोष्टीने थांबतं.

## टप्पा ३: बदल कुठे करायचा ते ठरवा

एकच बदल चार ठिकाणी करता येतो. वरच्या पायरीवर काम होत असेल तर खाली उतरू नका.

पहिली पायरी: सेटिंग्ज. बऱ्याच मागण्या इथेच संपतात.

दुसरी पायरी: कस्टमाइझ फॉर्म. रकाना वाढवणं, लपवणं, क्रम बदलणं, सक्तीचा करणं. हे बदल डेटाबेसमध्ये स्वतंत्र नोंदी म्हणून बसतात, त्यामुळे अपडेटला धक्का लागत नाही.

तिसरी पायरी: क्लायंट स्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा कोड) आणि सर्व्हर स्क्रिप्ट (सर्व्हरवर चालणारा कोड). आवृत्ती १५ पासून सर्व्हर स्क्रिप्ट मुळात बंद असते, ती बेंचच्या (हे सॉफ्टवेअर बसवण्या-चालवण्याच्या साधनाच्या) कॉन्फिगमधून मुद्दाम चालू करावी लागते. ती बंद का ठेवली आहे याचा विचार करूनच चालू करा. ज्याला स्क्रिप्ट लिहिण्याचा अधिकार आहे त्याचा हात सर्व्हरपर्यंत पोचतो.

चौथी पायरी: हॉस्पिटलचं स्वतःचं अ‍ॅप. नियम तीन-चारपेक्षा जास्त झाले की इथे या. हुक्सच्या फाइलमधून लॅब टेस्ट, एन्काउंटर (पेशंटच्या तपासणीची नोंद) यांच्या घटनांना (जतन होणं, सबमिट होणं) तुमचा कोड जोडता येतो. दुसऱ्या पायरीवर केलेले रकाने फिक्स्चर (फाइलमध्ये काढलेल्या नोंदी) म्हणून याच अ‍ॅपमध्ये काढून ठेवा, म्हणजे ते गिटमध्ये (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात) राहतील आणि चाचणीवरून चालू सर्व्हरवर हाताने पुन्हा करावे लागणार नाहीत. फिक्स्चर काढताना मॉड्यूलची गाळणी लावा. नाहीतर साइटवरचे सगळे कस्टम फील्ड त्यात येतात, दुसऱ्या अ‍ॅप्सचेसुद्धा, आणि पुढे एकमेकांवर चढत राहतात.

पाचवी पायरी नाही. ईआरपीनेक्स्टच्या किंवा हेल्थ अ‍ॅपच्या मूळ फाइलमध्ये एक ओळसुद्धा बदलायची नाही. अशा बदलावर बेंच अपडेट अडतं. मग कुणीतरी घाईत रीसेट लावून अपडेट मारतो आणि ती ओळ कायमची जाते. "आमचे बदल गेले" या तक्रारीत बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

सावधान: आवृत्ती १४ मध्ये आरोग्याचा भाग ईआरपीनेक्स्टमधून काढून वेगळं अ‍ॅप झाला. अजून १३ वर असाल तर वर जाताना हेल्थ अ‍ॅप आधी बसवा, मग मायग्रेट (डेटाबेस नव्या आवृत्तीशी जुळवणारी आज्ञा) चालवा. उलट केलंत तर पेशंट आणि एन्काउंटरचे पडदेच दिसेनासे होतात.

## टप्पा ४: रकाने वाढवताना होणाऱ्या पाच चुका

आभा क्रमांक १४ अंकी असतो. तो संख्येच्या रकान्यात घेऊ नका. साध्या पूर्णांकाचा रकाना २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे जात नाही, म्हणजे ९ ने सुरू होणारा मोबाइल नंबरसुद्धा त्यात मावत नाही. ज्या आकड्यांची बेरीज करायची नसते ते सगळे मजकुराच्या रकान्यात.

दुसरी चूक उशिरा समजते. साधा मजकुराचा रकाना १४० अक्षरांचा असतो आणि देवनागरी चालण्यासाठी मारियाडीबी (इथला डेटाबेस) प्रत्येक अक्षराला चार बाइटपर्यंत जागा धरते, म्हणजे रकान्यामागे ५६० बाइट. एका ओळीची कमाल मर्यादा ६५,५३५ बाइट. हिशेब केला तर शंभर-सव्वाशे रकान्यांत तक्ता भरतो, आणि त्याच्या आधीही अडू शकतो. भूलतज्ज्ञांचा पूर्वतपासणी फॉर्म, प्रसूतीचा फॉर्म, मधुमेहाचा फॉर्म असं सगळं एन्काउंटरमध्येच कोंबत गेलात की एक दिवस नवा रकाना बसतच नाही. मोठ्या फॉर्मसाठी वेगळा डॉकटाइप (स्वतंत्र फॉर्म आणि त्याचा तक्ता) करा आणि तो पेशंटशी जोडा.

तिसरी: क्लायंट स्क्रिप्टने रकाना लपवला म्हणजे माहिती गुप्त झाली, हा समज. पडद्यावरून गेली तरी एपीआयमधून (पडद्याशिवाय थेट डेटा मागण्याच्या वाटेने) ती मिळते. एचआयव्हीचा रिपोर्ट, मानसोपचाराची टिपणं यांना परमिशन लेव्हल (रकाना कोणाला दिसेल ते ठरवणारी पातळी) लावा आणि मग रिसेप्शनच्या लॉगिनने प्रत्यक्ष मागवून बघा.

चौथी: स्कॅन केलेले केस पेपर आणि रिपोर्टच्या पीडीएफ पब्लिक फाइल म्हणून चढणं. अशी फाइल लॉगिन नसलेल्या माणसालाही केवळ पत्त्यावरून उघडते. फाइलच्या यादीत पब्लिक गाळणी लावून आजच बघा. लोगो सोडून तिथे काहीही नसावं.

पाचवी सगळ्यात धोक्याची. लॅब टेस्ट सबमिट झाल्यावर बदलता येत नाही, रद्द करून सुधारित प्रत काढावी लागते. पॅथॉलॉजीवाले वैतागतात आणि म्हणतात, "सबमिटनंतरही एडिट करू द्या ना." सबमिटनंतर बदल करू देणारी खूण निकालाच्या रकान्यांना लावू नका. वॉर्डाने ज्या आकड्यावर औषध दिलं तो आकडा नंतर बदलला तर निदान पहिला आकडा कुठेतरी उभा असला पाहिजे.

तपासा: लॅब टेस्ट, एन्काउंटर, पेशंट या तिन्हींवर बदलांची नोंद ठेवण्याची खूण चालू आहे का? आणि वॉर्डात एकच लॉगिन सगळे वापरतात का? वापरत असतील तर ती नोंद निरुपयोगी आहे. आधी प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन द्या.

## टप्पा ५: लॅबची मशीन जोडताना

मशीनमधून निकाल एचएल७ किंवा एएसटीएम या ठरलेल्या संदेश-पद्धतींच्या रूपात येतो. एचएल७ मध्ये प्रत्येक निकालाची एक ओबीएक्स ओळ असते: पाचव्या जागी आकडा, सहाव्या जागी एकक, सातव्या जागी सामान्य मर्यादा. पुष्कळ जण पाचवी जागा उचलतात आणि सहावी सोडून देतात, कारण एकक तर आपल्या टेम्प्लेटमध्ये आहेच.

मशीनची सर्व्हिस होते, सेटिंग मूळ स्थितीला जातं आणि क्रिएटिनिन मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरऐवजी मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये येऊ लागतं. १.० च्या जागी ८८.४. हा फरक डोळ्यात भरतो. पण ग्लुकोज मिलिमोलमध्ये आलं तर १८० चं १० होतं, आणि घाईतल्या माणसाला तो हायपोग्लायसेमिया वाटू शकतो. म्हणून जोडणीच्या कोडमध्ये एकक ताडून बघा. जुळलं नाही तर निकाल रुपांतरित करू नका, अडवा आणि लॅबला कळवा. आपोआप रूपांतर करणारा कोड लिहायचा मोह होतो. तो आवरा.

तपासा: प्रत्येक चाचणीचे सलग वीस निकाल मशीनच्या छापील पट्टीशी ताडून बघा. ताडणारा माणूस लॅबचा हवा, तुम्ही नाही.

## टप्पा ६: बदल चालू सर्व्हरवर नेणं

शनिवारी रात्री किंवा पहिल्या तारखेला बदल नेऊ नका. मंगळवार-बुधवारी दुपारी तीननंतरची वेळ घ्या. ओपीडी ओसरलेली असते आणि काही बिघडलं तर सगळे जागेवर असतात. रात्रीची वेळ शांत वाटते, पण तेव्हा कॅज्युअल्टीत एकच आरएमओ (निवासी डॉक्टर) असतो आणि त्याला अडचण आली तर विचारायला कुणी नसतं.

१. आदल्या दिवशी प्रत्येक वॉर्डाला, बिलिंगला, फार्मसीला सांगा. नोटीस पुरत नाही, फोन करा.
२. कोरे छापील फॉर्म वॉर्डात पोचवा: इंडेंट (औषधं-सामानाची मागणी), व्हायटल्स, लॅबची मागणी. त्यांवर अनुक्रमांक छापा, म्हणजे नंतर भरताना एखादा राहिला तर कळेल.
३. फाइल्ससह बॅकअप घ्या आणि त्याचा आकार कालच्या बॅकअपशी ताडा.
४. मेंटेनन्स मोड लावा, कोड आणा, मायग्रेट चालवा.
५. मेंटेनन्स मोड काढा. शेड्यूलर चालू आहे का ते बेंच डॉक्टर या आज्ञेने बघा. मायग्रेट मध्येच अडलं असेल तर शेड्यूलर बंदच राहतो आणि ते सांगणारी कुठलीही खिडकी समोर येत नाही.
६. एक नकली पेशंट नोंदवून केस पेपर ते बिल असा पूर्ण फिरवा.
७. तासभर वॉर्डात जाऊन थांबा.

परत फिरण्याची रेषा आधीच ठरवा: अमुक वाजेपर्यंत सहावी पायरी पार झाली नाही तर बॅकअपवर परत जायचं. ती वेळ झाली की "अजून दहा मिनिटं" म्हणायचं नाही.

## टप्पा ७: देखरेख

आता सुरुवातीच्या दुसऱ्या तक्रारीची, रिपोर्ट न दिसण्याची, माझी सकाळ सांगतो. मंगळवारी अपडेट केलं, सगळे दिवे हिरवे. बुधवारी सकाळी पावणेनऊला आयसीयूतून इलेक्ट्रोलाइट्सचा नमुना गेला. साडेदहाला सिस्टरांचा फोन: "सर, लॅब म्हणते रिपोर्ट पाठवला. आमच्याकडे काहीच नाही." मी सर्व्हर बघितला. प्रोसेसर निवांत, मेमरी मोकळी, साइट झटकन उघडत होती. तोवर वॉर्डबॉय मामा जिने उतरून लॅबमध्ये गेले आणि चिठ्ठीवर हाताने लिहिलेला आकडा घेऊन आले. पोटॅशियम ६.४, धोक्याइतकं जास्त. पेशंटला उपचार मिळाले. लॅबचे निकाल ज्या रांगेतून जात होते त्या रांगेतली कामं उचलणारा वर्कर अपडेटनंतर उठलाच नव्हता. रांगेत सगळ्या सकाळचे निकाल साचले होते, आणि माझी देखरेख फक्त सर्व्हर जिवंत आहे का एवढंच बघत होती.

तेव्हापासून मी देखरेख तीन थरांत लावतो, आणि लोक पहिल्यांदा बघतात तो यंत्राचा थर शेवटी.

कामाचा थर. जे घडायला हवं होतं ते घडलं का, हे विचारा. सकाळी आठ ते बारा या वेळात लॅबकडून अर्धा तास एकही निकाल आला नाही तर इशारा. नमुना घेतल्यापासून निकाल वॉर्डात दिसेपर्यंत आयसीयूसाठी ९० मिनिटांहून जास्त लागले तर इशारा. रात्री खोलीभाडं लावणाऱ्या कामाने भरलेल्या खाटांइतक्या नोंदी केल्या का, हे सकाळी सहाला मोजा. दहा मिनिटांत एकही फार्मसी बिल नाही, दुपारी बाराला? काहीतरी अडलं आहे. हे सगळे साधे डेटाबेस प्रश्न आहेत, दर पाच मिनिटांनी चालणाऱ्या एका स्क्रिप्टमध्ये मावतात. आकडे तुमच्या हॉस्पिटलच्या वर्दळीवरून ठरवा. दोन आठवडे नुसतं मोजा, मग इशारे लावा.

रांगांचा थर. फ्रॅपेत (ज्या पायावर हे सॉफ्टवेअर उभं आहे त्यात) मागे चालणाऱ्या कामांच्या शॉर्ट, डीफॉल्ट आणि लाँग अशा तीन रांगा असतात. प्रत्येकीत किती कामं थांबली आहेत, सगळ्यात जुनं काम किती मिनिटांचं आहे आणि प्रत्येक रांगेला निदान एक वर्कर आहे का, एवढं बघा. संख्येपेक्षा वय महत्त्वाचं. दोनशे कामं दोन मिनिटांत उरकतात, पण वीस मिनिटं पडून राहिलेलं एक काम म्हणजे बिघाड. एरर लॉग रोज सकाळी चहाआधी वाचा. कालच्यापेक्षा नवी ओळ कोणती, एवढंच शोधा.

यंत्राचा थर. डिस्क ८० टक्के भरली की इशारा. डिस्क भरण्याची कारणं ठरलेली असतात: जुने बॅकअप, मारियाडीबीच्या बायनरी लॉग फाइल्स, आणि कुणीतरी पूर्ण रिझोल्यूशनने स्कॅन केलेले केस पेपर. स्लो क्वेरी लॉग (हळू चालणाऱ्या शोधांची नोंद) चालू ठेवा. नव्या रकान्यावर शोध सुरू झाला आणि इंडेक्स (शोध वेगवान करणारी सूची) नसेल तर पेशंट शोधायला सहा-सात सेकंद लागू लागतात. ओपीडीच्या खिडकीवर हेच सहा सेकंद रांग दारापर्यंत नेतात.

देखरेखीचं सॉफ्टवेअर, मग ते अपटाइम कुमा असो, झॅबिक्स असो की प्रोमिथियस-ग्राफाना, त्याच सर्व्हरवर बसवू नका. सर्व्हर पडला की पहारेकरीही पडतो. वेगळ्या लहान मशीनवर, वेगळ्या यूपीएसवर ठेवा, आणि एक तपासणी वॉर्डाच्या नेटवर्कमधून करा. तिसऱ्या मजल्यावरचा स्विच बंद पडला तर सर्व्हर रूममधून तो दिसत नाही.

सावधान: इशारा मिळाल्यावर काय करायचं हे एका ओळीत लिहिता येत नसेल तर तो इशारा लावू नका. दिवसाला चाळीस इशारे येऊ लागले की एकेचाळिसावा, खरा, कुणी वाचत नाही.

## टप्पा ८: बॅकअप उतरवून बघणं

बॅकअप घेतला जातो. उतरवून कुणी बघत नाही. महिन्यातून एकदा कालचा बॅकअप चाचणी सर्व्हरवर चढवा, घड्याळ लावा आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवा. तोच तुमचा खरा आकडा. व्यवस्थापनाने "सर्व्हर गेला तर किती वेळात परत?" विचारलं की तो सांगा.

साइटच्या कॉन्फिग फाइलमधली एन्क्रिप्शन की वेगळी जपा. ती हरवली तर डेटा परत येतो, पण साठवलेले पासवर्ड आणि गेटवेच्या किल्ल्या उघडत नाहीत. आणि एक प्रत अशी हवी जी नेटवर्कला जोडलेली नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअरचा (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा) हल्ला झाला तेव्हा ओपीडीपासून प्रयोगशाळेपर्यंतचं काम कित्येक दिवस हाताने चाललं होतं. दोन बाह्य डिस्क आलटून पालटून वापरा. एक नेहमी सर्व्हर रूमच्या बाहेर, कुलपात.

## टप्पा ९: घटना घडली तर

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते, लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि सर्व्हरची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळलेली ठेवावी लागतात. फ्रॅपेत लॉग सेटिंग्जमध्ये ठरलेल्या दिवसांनी जुन्या नोंदी आपोआप पुसल्या जातात. तिथला आकडा बघा आणि पुसण्याआधी लॉग दुसऱ्या मशीनवर जातील अशी सोय करा. घड्याळाचं काम लॅबच्या मशीनजवळच्या संगणकांवरही करा. तिथे वीस-वीस मिनिटांचा फरक सर्रास असतो, आणि मग नमुना घेण्याआधीच निकाल आल्याचं दिसतं.

हल्ला झालेलं मशीन लगेच फॉरमॅट करू नका. नेटवर्कची वायर काढा, मशीन चालूच ठेवा, पडद्याचा फोटो घ्या, वेळ लिहा. मग फोन: आधी वैद्यकीय अधीक्षक, म्हणजे वॉर्ड कागदावर जातील, त्यानंतर बाकीचे. हे नंबर छापून सर्व्हर रूमच्या दारावर आतून आणि नर्सिंग ऑफिसमध्ये लावा. संगणकात ठेवलेली यादी त्या वेळी उघडणार नाही.